नित्शे नेमकं काय म्हणाला होता?

व्यायामशाळेच्या भिंतीवर बजरंगबलीची तसबीर असणं आपल्याकडे नवीन नाही. अलीकडच्या वातानुकूलित जिममध्ये मात्र तिच्या शेजारी, कधी कधी तिच्या जागी, एक इंग्रजी फलक दिसतो. जे जिवावर बेतलं पण जीव घेऊन गेलं नाही, ते माणसाला आणखी दणकट करून जातं, अशा अर्थाचा. खाली नाव असलंच तर फ्रेडरिक नित्शे. १९८२ साली आलेला ‘कोनन द बार्बेरियन’ हा हॉलिवूडपट याच वाक्याने सुरू होतो. २०११ मध्ये केली क्लार्कसन या अमेरिकन गायिकेने त्याच कल्पनेवरचं गाणं गाजवलं. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला, लग्न मोडलेल्या मुलीला, धंद्यात बुडालेल्या भावाला हेच वाक्य मोबाईलवरून पाठवलं जातं. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हे वाक्य ज्याने लिहिलं, तो दंड-बैठका मारणारा पैलवान नव्हता. अंथरुणाला खिळून खिळून कंटाळलेला तो एक आजारी माणूस होता.

नित्शेचा जन्म १५ ऑक्टोबर १८४४ चा, प्रशियातल्या र्‍योकेन या खेड्यातला. वडील तिथल्या चर्चचे पाद्री. मुलगा पाच वर्षांचा व्हायच्या आत ते गेले आणि पुढच्याच वर्षी दोन वर्षांचा धाकटा भाऊही गेला. आई, आजी, आत्या आणि बहीण अशा बायकांच्या घरात तो वाढला. बुद्धी इतकी तल्लख, की अवघ्या २४ व्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाने त्याला ग्रीक-लॅटिन साहित्याचा प्राध्यापक नेमलं. दहा वर्षांत मात्र शरीराने हात टेकले. दिवसदिवस न थांबणारी अर्धशिशी, उलट्या, जवळजवळ गेलेली नजर. १८७९ या एका वर्षात ११८ दिवस असे झटक्यांत गेल्याचं त्याने स्वतःच मोजून ठेवलं होतं. त्याच वर्षी त्याने राजीनामा दिला. पुढची दहा वर्षं तो विद्यापीठाच्या पेन्शनवर भाड्याच्या खोल्यांमधून फिरत राहिला. उन्हाळ्यात आल्प्स पर्वतातलं सिल्स मारिया हे गाव, हिवाळ्यात जिनोआ, नीस किंवा ट्युरिन. हवा बदलली तर डोकं थांबेल, ही एकच आशा.

त्याची पुस्तकं सुट्या सुट्या वाक्यांची का आहेत, याचं एक उत्तर इथेच मिळतं. सलग दोन तास कागदावर नजर लावणं त्याला जमत नव्हतं. तो रोज तासन् तास चालायचा, सुचेल ते खिशातल्या वहीत टिपायचा आणि घरी आल्यावर ते घासूनपुसून घ्यायचा. १८८२ मध्ये त्याने अर्धगोलाच्या आकाराचं एक डॅनिश टंकलेखन यंत्रही मागवलं होतं. डोळे मिटूनही बोटं चालावीत म्हणून. ते बिघडलं आणि तो उद्योग काही आठवड्यांतच संपला. थोडक्यात, तुटक वाक्यं ही केवळ शैली नव्हती, ती नाइलाजातूनही आली होती. पण तुटक वाक्यांचा एक धोका असतो. ती पुस्तकातून सहज उचलता येतात.

जिमच्या भिंतीवरचं वाक्य १८८८ मध्ये सिल्स मारियात सिद्ध झालेल्या, इंग्रजीत ‘ट्वायलाइट ऑफ द आयडॉल्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या पुस्तकातलं. त्याच्या सुरुवातीला आयुष्याच्या युद्धशाळेत शिकलेला धडा अशा आशयाचे दोन-तीन शब्द आहेत, ते फलकावर कधीच येत नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट. मूळ जर्मन वाक्य ‘मला’ असं आहे, ‘तुम्हाला’ असं नाही. दुसऱ्याला उपदेश करणारं ते वाक्य नव्हेच. एक आजारी माणूस स्वतःला बजावतो आहे. संकटाने प्रत्येक जण बळकट होतो, असा नियम त्याने सांगितलेला नाही, आणि असा नियम नाहीही. संकटाने खचलेली, कायमची कोलमडलेली माणसं प्रत्येकाच्या नात्यात असतात. त्यांना हा सुविचार पाठवणं म्हणजे जखमेवर मीठच. खुद्द लेखकाचं काय झालं? ते पुस्तक जानेवारी १८८९ मध्ये बाजारात आलं, त्याच्या काही आठवडे आधीच, ३ जानेवारीला, तो ट्युरिनच्या रस्त्यावर कोसळला होता. त्यानंतर त्याची बुद्धी कधीच ताळ्यावर आली नाही.

याच पुस्तकात, चारच वाक्यं पुढे, आणखी एक प्रसिद्ध बोल आहे. जगायचं कशासाठी हे ज्याला उमगलं, तो कसं जगायचं याची फारशी तक्रार करत नाही, असा त्याचा आशय. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांनी हे वाक्य नाझींच्या छळछावणीत नेलं. वडील, आई, भाऊ आणि पत्नी या सगळ्यांना त्यांनी छावण्यांमध्ये गमावलं. स्वतः आउशवित्झ पाहिलं. १९४६ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात ते या वाक्याकडे पुन्हा पुन्हा वळतात. पण त्यांनी ते कुणावर फेकलेलं नाही. आधी त्या आगीतून ते स्वतः गेले, मग बोलले.

आता नित्शेचं सर्वांत गाजलेलं विधान. ईश्वराच्या मृत्यूचं. त्यावरचा विनोदही तितकाच जुना आहे. भिंतीवर एकाने नित्शेचं विधान लिहिलं, तर दुसऱ्याने खाली नित्शेच मेल्याचं लिहून सही केली: ‘ईश्वर’! आस्तिक या विनोदावर खूष, नास्तिक मूळ विधानावर खूष. मूळ मजकूर मात्र दोघांनीही उघडून पाहिलेला नसतो.

तो १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द गे सायन्स’ या पुस्तकात आहे. (या ‘गे’ चा अर्थ आनंदी.) भर सकाळी, लख्ख उन्हात, एक वेडा हातात पेटता कंदील घेऊन बाजारात धावत येतो. आपण देवाला शोधतोय, असं ओरडत. बाजारात उभे असलेले लोक देव न मानणारे आहेत, हे महत्त्वाचं. त्यांना मजा वाटते. देव वाट चुकला का, कुठे लपून बसला का, बोटीत बसून परदेशी गेला का, अशी टिंगल ते करतात. तेव्हा तो वेडा त्यांच्यात घुसून सांगतो की देव मेला आहे, आणि तुम्ही-आम्ही मिळून त्याला मारलंय. मग प्रश्नांची सरबत्ती. एवढं मोठं कृत्य आपल्याला झेपणार आहे का? हात कुठल्या पाण्याने धुवायचे? वर-खाली, डावं-उजवं अशी दिशा तरी आता उरली का? लोक गप्प होतात, त्याच्याकडे पाहत राहतात. तो कंदील जमिनीवर आपटतो आणि म्हणतो, मी फार लवकर आलो.

हा विजयाचा जल्लोष आहे का? पाद्र्याच्या घरात वाढलेल्या, लहानपणी सगळ्यांनी ‘छोटे पाद्रीबुवा’ म्हटलेल्या माणसाने हे लिहिलंय. त्याचा रोख देवळात जाणाऱ्यांवर कमी आणि त्यांना हसणाऱ्यांवर अधिक आहे. युरोपातल्या शिकलेल्या माणसांचा देवावरचा विश्वास उडाला, हे तो एक घडून गेलेली घटना म्हणून सांगतो. पण खरं का बोलायचं, दुबळ्याला का सांभाळायचं, दिलेला शब्द का पाळायचा, या सगळ्याची उत्तरं त्यांच्याकडे शेकडो वर्षं त्या एकाच खांबावर उभी होती. खांब काढला आणि छप्पर मात्र जागेवर राहील म्हणून निर्धास्त झोपले, हा त्याचा आक्षेप. इंग्रजांना त्याने यावरून चिमटेही काढले आहेत. देवाला रजा दिली, पण त्याची शिकवण पूर्वीपेक्षाही घट्ट धरून बसले, म्हणून. यापुढची नीती कशावर उभी करायची, हा प्रश्न त्याला छळत होता. देवपूजा बंद झालेल्या पण देव्हारा तसाच ठेवलेल्या घरात वाढलेल्यांना तो समजायला जड जाऊ नये.

बायकांकडे जाताना चाबूक विसरू नकोस, हा त्याच्या नावावरचा तिसरा बोल. हा तर इतका बदनाम की अनेक घरांत नित्शेची ओळख एवढीच. ‘असं बोलला जरथुष्ट्र’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात (१८८३) तो येतो. बोलणारा नित्शे नाही, जरथुष्ट्रही नाही. एक म्हातारी बाई जरथुष्ट्राला भेटते, बायकांविषयीचं त्याचं लंबंचवडं बोलणं ऐकून घेते आणि जाता जाता हा सल्ला भेट म्हणून देते. चाबूक कुणाच्या हातात, हे तिथे सांगितलेलंच नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८८२ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नच्या एका स्टुडिओत काढलेला फोटो उपलब्ध आहे. नित्शे आणि त्याचा मित्र पॉल रे बैलांसारखे एका छोट्या गाडीला जुंपलेले, आणि गाडीत २१ वर्षांची लू सालोमे. चाबूक तिच्या हातात! या हुशार रशियन मुलीला नित्शेने लग्नाची मागणी घातली होती, तिने ती नाकारली. फोटोतली मांडणी नित्शेचीच होती, असं लूने पुढे लिहून ठेवलंय. दहापैकी नऊ बायकांनी याचा चाबूक काढून घेतला असता, हे ठाऊक असल्यानेच हा त्यांच्यापासून लांब राहिला, अशी टोपी बर्ट्रांड रसेल यांनी उडवली होती. फोटो पाहिल्यावर ती अगदीच चुकीची वाटत नाही.

म्हणून नित्शे निर्दोष सुटतो असं नाही. स्त्रियांनी शिकावं, स्वतंत्र व्हावं, याची त्याने इतरत्र स्वतःच्या तोंडाने टवाळी केली आहे. तिथे म्हातारी मध्ये घालायची सोय नाही.

मुंबईच्या पारशी वाचकांना एक प्रश्न पडू शकतो. जर्मन तत्त्वज्ञाने आपला प्रेषित का निवडला? नित्शेनेच त्याचं उत्तर दिलंय. सत् आणि असत् यांच्या लढाईवर जग चालतं, असं सर्वांत आधी जरथुष्ट्राने मांडलं. मग ती मांडणी मोडायचा पहिला मानही त्यालाच मिळायला हवा! पुस्तकातला जरथुष्ट्र दहा वर्षं डोंगरावर काढून खाली येतो. गावाच्या बाजारात लोक जमलेत ते डोंबाऱ्याचा दोरीवरचा खेळ बघायला. हा त्यांना ‘अतिमानवा’विषयी सांगू लागतो. माणसाने स्वतःला ओलांडून पुढे जायला हवं, म्हणतो. लोकांना वाटतं, डोंबाऱ्याचीच जाहिरात चाललीय. मग तो त्यांना घाबरवायला ‘अखेरचा माणूस’ रंगवून दाखवतो. ऊब, पोटभर जेवण, थोडी करमणूक, कशाचीच तळमळ नाही. तर लोक टाळ्या पिटून म्हणतात की आम्हाला तोच माणूस दे, तुझा अतिमानव तुलाच राहू दे. नित्शेच्या पुस्तकांतल्या सर्वांत बोचऱ्या विनोदांपैकी हा एक. ओलांडायचं ते स्वतःला, शेजाऱ्याला नव्हे, हे इथे स्वच्छ आहे.

पण शब्द सुटा झाला की काय होतं ते शिकागोने १९२४ मध्ये पाहिलं. नेथन लिओपोल्ड (१९) आणि रिचर्ड लोब (१८) या श्रीमंत घरांतल्या, अभ्यासात अव्वल असलेल्या दोन तरुणांनी एका १४ वर्षांच्या मुलाचा खून केला. पैशांसाठी नव्हे, करून बघण्यासाठी. अतिमानवाला सामान्यांचे कायदे लागू नाहीत, असं लिओपोल्ड नित्शे वाचून मित्राला पत्रातून पटवत होता. त्यांचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी कोर्टात हाच मुद्दा बचावासाठी वापरला. विद्यापीठात शिकवलेलं तत्त्वज्ञान मनाला लावून घेतलं म्हणून कोवळ्या मुलाला फासावर देऊ नका. फाशी टळली. जन्मठेप झाली. मेलेल्या मुलाच्या आईवडिलांना मात्र यातलं कुठलंही स्पष्टीकरण पुरेसं नव्हतं.

त्याआधी पहिल्या महायुद्धात या पुस्तकाच्या सुमारे दीड लाख प्रती जर्मन सैनिकांसाठी छापल्या गेल्या होत्या. आणि त्यानंतर नाझी आले. त्यांच्यापर्यंत नित्शे पोहोचवण्याचं काम केलं सख्ख्या बहिणीने. एलिझाबेथचा नवरा बर्नहार्ड फर्स्टर हा ज्यूंचा कडवा द्वेष्टा. ‘शुद्ध’ जर्मनांची वसाहत उभारायला हे जोडपं १८८६ मध्ये पॅराग्वेला गेलं. नित्शेला या लग्नाचा आणि त्या विचारांचा मनस्वी तिटकारा होता, ज्यूद्वेष्ट्यांशी आपलं नाव जोडू नका म्हणून त्याने बहिणीला कडक पत्रं लिहिली. वसाहत फसली, नवऱ्याने १८८९ मध्ये आत्महत्या केली, आणि १८९३ मध्ये परतलेल्या एलिझाबेथने भावाच्या कागदपत्रांचा ताबा घेतला. त्याने टाकून दिलेल्या टिपणांमधून निवड करून ‘सत्ताकांक्षा’ नावाचा ग्रंथ १९०१ मध्ये त्याच्या नावावर निघाला. १९३५ मध्ये ती वारली तेव्हा अंत्यविधीला हिटलर हजर होता. जॉर्जो कॉली आणि माझिनो माँतिनारी या दोन इटालियन अभ्यासकांनी मूळ हस्तलिखितं एकेक करून तपासली आणि १९६७ पासून शुद्ध आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा कुठे बहिणीची कात्री नेमकी कुठे चालली ते उघड झालं.

सगळं खापर बहिणीवर फोडणं सोपं आहे. बरेच नित्शेप्रेमी तेच करतात. पण त्याच्या अस्सल लेखनातही दुबळ्यांविषयी, समतेविषयी उघड तुच्छता आहे, आणि ती ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या आली त्यांच्या नजरेला ती चटकन दिसते. १८८८ च्या मे महिन्यात ट्युरिनमध्ये नित्शेच्या हाती मनुस्मृतीचं लुई जॅकोलियोने केलेलं फ्रेंच भाषांतर पडलं. भाषांतर भरवशाचं नव्हतं, हे संशोधकांनी नंतर दाखवून दिलं, पण नित्शे भारावला. त्याच वर्षी लिहिलेल्या ‘द अँटिख्राइस्ट’मध्ये त्याने बायबलपेक्षा मनूला वरचं स्थान दिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं यावर बोट ठेवलं. ‘फिलॉसफी ऑफ हिंदुइझम’ या त्यांच्या लेखनात (महाराष्ट्र शासनाने ते १९८७ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या तिसऱ्या खंडात छापलं) ते मनूला सर्वांत जवळचा तत्त्वज्ञ म्हणून नित्शेकडे बोट दाखवतात आणि जरथुष्ट्राच्या ग्रंथाला मनुस्मृतीची नवी आवृत्ती ठरवतात. पुढे ते दोघांतला फरकही सांगतात, आणि तो नित्शेच्या बाजूने जातो. नित्शेचा अतिमानव निदान स्वतःच्या योग्यतेवर उभा आहे, मनूचा श्रेष्ठ पुरुष नुसता जन्माने श्रेष्ठ. नित्शेची बाजू मांडणाऱ्यांनी ही काही पानं वाचायलाच हवीत. इथे संदर्भ तुटलेला नाही. संदर्भासकट वाचूनच हा निकाल दिलेला आहे.

भारताशी नित्शेचा दुसरा धागा मैत्रीचा. शाळेतला त्याचा जिवलग सोबती पाउल डॉयसन पुढे वेदान्ताचा मोठा पंडित झाला. संस्कृतच्या प्रेमापोटी आपलं नाव ‘देवसेन’ असं लिहिणारा हा माणूस भारत पाहायला आला आणि २५ फेब्रुवारी १८९३ रोजी मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे त्याने वेदान्तावर व्याख्यान दिलं. तेव्हा नित्शेला भ्रमिष्ट होऊन चार वर्षं झाली होती. या मैत्रीमुळे असेल, नित्शेच्या ‘तेच ते पुन्हा’ या कल्पनेला आपल्याकडे सरळ पुनर्जन्म समजलं जातं. ते तसं नाही. ऑगस्ट १८८१ मध्ये सिल्वाप्लाना तळ्याकाठच्या एका मोठ्या खडकापाशी ती त्याला सुचली. समजा, मध्यरात्री एखादं भूत आलं आणि म्हणालं, की हेच आयुष्य, याच क्रमाने, तुला अनंत वेळा जगायचंय. तीच नोकरी, तोच जोडीदार, तीच भांडणं, तीच दाढदुखी. कर्माचं फळ नाही, पुढच्या जन्मी सुधारणा नाही, मोक्ष तर नाहीच. ऐकून तुम्ही दात-ओठ खाल, की त्या भुताला देव म्हणाल? एवढाच प्रश्न आहे. उत्तर त्याने वाचणाऱ्यावर सोडलंय.

त्याच्या स्वतःच्या आयुष्याची अखेरची अकरा वर्षं मात्र त्याला कळलीच नाहीत. आधी इस्पितळं, मग आईचं घर, आणि १८९७ मध्ये आई गेल्यावर वायमार गावातला बहिणीचा बंगला. खाली दिवाणखान्यात युरोपभरचे चाहते त्याच्या वाक्यांवर तावातावाने बोलायचे, पुस्तकं हातोहात खपायची. वरच्या मजल्यावर बहिणीने पांढरा झगा घालून बसवलेला नित्शे, पाहुण्यांना लांबून दाखवला जायचा. त्याला कुणी ओळखू येत नसे. २५ ऑगस्ट १९०० रोजी तो वारला. र्‍योकेनला, वडील ज्या चर्चचे पाद्री होते त्याच्याच भिंतीलगत, त्यांच्या शेजारी त्याला पुरलं आहे.